भ्यालेल्या माणसाचं माप

आमच्या घरमालकांनी मला खोली देण्याआधी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, जातही विचारली नाही. दारातच उभं करून त्यांनी विचारलं, "घराला आग लागली तर आधी काय उचलाल?"

मी जबलपूरच्या एका कॉलेजात इतिहासाचा नवा लेक्चरर होतो. वय असं होतं, की प्रश्नाचं उत्तर माहीत नसलं तरी शोभेलसं वाक्य तयार असायचं. मी म्हणालो, "पुस्तकं."

त्यांनी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं, मग माझ्या दंडांकडे पाहिलं. "मग जळून जाल," ते म्हणाले. "तुम्हाला वरची खोली नाही देत. खालची घ्या. तिच्या खिडकीला गज नाहीत."

"चोर आत येईल ना."

"चोर आत येऊ शकतो म्हणजेच तुम्ही बाहेर जाऊ शकता, प्रोफेसर."

मी प्रोफेसर नव्हतो. ते मला शेवटपर्यंत प्रोफेसरच म्हणत राहिले आणि मी ती एक चूक कधी दुरुस्त केली नाही.

ते एका सरकारी मोटार वर्कशॉपातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले होते. जबलपूरच्या गढा भागात त्यांचं घर होतं. मराठ्यांच्या फौजांबरोबर पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या कुटुंबांपैकी ते एक. अशा घरांमधून पूर्वजांच्या तलवारीबद्दल फार ऐकावं लागतं, आणि तलवार पाहायला मागितली तर ती नेमकी धाकट्या काकांकडे नागपूरला असते. यांच्याकडे तो प्रकार नव्हता. "आमचा पूर्वज लढाईतून पळाला," ते पाहुण्यांसमोर सांगायचे, "म्हणून तर आम्ही आहोत. जे नाही पळाले त्यांची नातवंडं दाखवा मला."

भीती हा त्यांचा विषय होता. लाजून लपवण्याची गोष्ट म्हणून नव्हे. एखाद्याचा संगीत हा विषय असावा तसा. सिनेमाला गेले तर रांगेतली शेवटची खुर्ची, आणि दिवे जाण्याआधी दाराला एकदा ढकलून यायचं. लग्नाच्या पंगतीत दाराजवळचं पान. मांडवाखाली जेवायला बसण्यापूर्वी ते दोऱ्यांच्या गाठी ओढून बघत, त्यामुळे वधूपक्षाचे लोक त्यांना वरपक्षाचा खवट मामा समजत. न्हाणीघराची कडी ते कधीच लावत नसत. आत असेपर्यंत मोठ्याने मनाचे श्लोक म्हणत, म्हणजे कोणी आत येऊ नये. घराच्या कुठल्याही खोलीची कडी त्यांनी लावलेली मी पाहिली नाही. घरातसुद्धा पायात नाडीचे कॅनव्हासचे बूट. पूजेला बसताना ते काढावे लागत, तर टोकं दाराकडे करून ठेवत.

काकू वर्ध्याकडच्या. त्यांना हे सगळं पाठ होतं. "माह्या लग्नात अंतरपाट धरला होता," त्या मला एकदा म्हणाल्या, "तं हे विचारून राहिले, मागचं दार कुठी आहे."

असा माणूस शर्यतीची मोटार बांधत होता.

मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, एका मोडीत काढलेल्या छोट्या मोटारीचं इंजिन आणि पोलादी नळ्यांचा एक सांगाडा उभा होता. बंगालमधल्या एका जुन्या धावपट्टीवर लहान गाड्यांच्या शर्यती होत, तिथे ही न्यायची होती. मी त्यांना विचारलं, तुम्हाला जिना उतरायची भीती वाटते आणि तुम्ही हे काय करून राहिलात? ते म्हणाले, "भीती वाटते म्हणून लोक घरी बसतात. मला बघायचं आहे, माणूस भिऊन भिऊन कुठवर जाऊ शकतो."

काकूंचं मत वेगळं होतं. "स्वतः भ्यायचा कंटाळा आला यांना. आता दुसऱ्याले भिववतात."

शर्यतीची गाडी अरुंद असतेच, पण ही जरा जास्तच अरुंद होती. तिची रुंदी इंजिनावरून ठरली नव्हती, वाऱ्याच्या रोधावरूनही नव्हती. अंगणातून बोळात उघडणारं मागचं दार जेवढं होतं, तेवढी गाडी. पुढचं दार रुंद होतं, पण तिथवर जायला देवघरातून जावं लागलं असतं आणि काकूंनी एकदाच "नाही" म्हटलं होतं. इंजिन मागे बसवल्यावर पेट्रोलच्या टाकीला मागे जागाच उरली नाही, म्हणून ती पुढे आली, चालवणाऱ्याच्या मांड्यांवर. मधे जी फट राहिली तिच्यात माणूस बसवायचा होता.

जबलपूरच्या मराठी मंडळात त्या फटीत मावेल असा एकच इसम होता. कॉलेजात असताना एनसीसीत मी जीप चालवायला शिकलो होतो, हेही मीच कधीतरी फुशारकीने त्यांना सांगितलं होतं. मी नकार दिला नाही. नाही म्हणायला धैर्य लागतं. ते नसलेली माणसं पुष्कळदा अशीच धाडसात सापडतात.

बसण्याच्या जागेचं माप घ्यायचं ठरलं तेव्हा माझी कल्पना अशी होती की टेप घेऊन येतील. ते गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याकडून प्लास्टरची पोती घेऊन आले. सांगाड्यात गोणपाट, त्यावर मेणकापड, त्यावर मी, अंगाला एरंडेल लावलेलं जुनं धोतर गुंडाळून. मग माझ्या भोवतीने ओलं प्लास्टर ओतायचं आणि ते घट्ट होईपर्यंत मी हलायचं नाही. शिंप्यांबद्दल त्यांना तिरस्कार होता. "शिंपी माणसाला उभं करतो, पान देतो, गप्पा मारतो, मग माप घेतो. आरामात असलेल्या माणसाचं माप. आणि तो सदरा घालून माणूस जातो कुठे? साहेबासमोर, नाहीतर स्मशानात. तिथे खांदे असतात का तसे? भ्यालेला माणूस खोटं बसत नाही, प्रोफेसर. शर्यतीत तुम्ही भ्यालेलेच असणार. माप भ्यालेल्याचंच घ्यायला पाहिजे."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. प्लास्टर छातीपर्यंत आलं होतं, मी श्वास आखडून बसलो होतो, खांदे कानांना लागले होते, आणि ते अतिशय खूश होते. काकूंनी बसायला पाट ओढला आणि सहज विचारलं, "प्रोफेसर, हा आपला टेकडीवरचा मदनमहाल मोगलांनीच बांधला नं?"

"नाही हो काकू," मी म्हणालो. "मोगल कुठले? गोंड राजांचा आहे तो. इथे गोंडांचं राज्य होतं, गढा ही त्यांची..."

"गेलं!" ते ओरडले. "गेलं सगळं! खांदे पडले तुमचे!"

खरोखरच पडले होते. त्यांनी मला हाताला धरून ओढून काढलं, आणि मग तो ओला गोळा फावड्याने उपसत म्हणाले, "मी किती दिवस बघून राहिलो. कोणाची चूक सापडली की तुम्ही असे सैल पडता, जशी काही उन्हात मांजर." काकूंची रवानगी शेजारी झाली. जाताना त्या म्हणाल्या, "मी काहून जाऊ? माह्या घरात मी बोलू बी नये का?" पण गेल्या.

दुसऱ्या खेपेला माझ्या खांद्यांपर्यंत प्लास्टर भरून ते समोर उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अच्छा, एक बघायचं राहिलं. मेणकापड फाटलेलं तर नव्हतं? फाटलं असलं तर प्लास्टर नळ्यांना धरतं."

मी खाली पाहू शकत नव्हतो. प्लास्टर आळताना गरम होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी पाठीला ऊब लागली, मग ती वाढत गेली. बरगड्या फुगवायला जागा राहिली नाही. मला वाटलं, आता हा दगड होणार आणि मी त्याच्यात राहणार. पुरलेल्या माणसांबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. वाचलेलं कामी येतं म्हणतात, ते अशा वेळी येतं. मी म्हणालो, "काका, मला काढा." ते म्हणाले, "अजून थोडं भ्या. छान चाललं आहे."

मेणकापड शाबूत होतं. कडा फोडून मला बाहेर काढलं तेव्हा सांगाड्यात माझा पांढरा साचा उरला. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. राजांचे पुतळे मी पुष्कळ पाहिले आहेत, घोड्यावरचे, तलवार उपसलेले. घाबरलेल्या माणसाचा कोणी पुतळा करत नाही. हा झाला होता. खांदे वर, कोपरं पोटात, मांड्या आवळलेल्या. कोणीही सांगितलं असतं की हा माणूस मी आहे.

साच्यावर पत्रा ठोकायला शहरातल्या कांचघर वस्तीतून एक म्हातारा मिस्त्री आला. त्याने साच्याभोवती एक चक्कर मारली. "बाबूजी, ये कुर्सी आदमी के लिए है कि मुर्गे के लिए?"

"प्रोफेसर के लिए," ते म्हणाले.

"अच्छा," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

आसन झालं, ते अॅल्युमिनियमचं, आतून कॅनव्हासचं. दोन्ही बाजू काखेपर्यंत चढलेल्या, आणि वर खांद्यांवर वळलेली एक कड, म्हणजे वळणावर माणूस उडू नये. गंमत अशी की मी शांतपणे बसलो तर ते मला बसत नसे. कड टोचायची, पाठ अधांतरी राहायची. "जरा भ्या," ते म्हणायचे. मग मला धावपट्टीवरच्या वळणाचं वर्णन करून सांगायचे, पुढची गाडी उलटते ते सांगायचे, आणि एका क्षणी खांदे वर जाऊन कडेखाली अडकत, पाठ टेकत असे, आणि आसन हातमोज्यासारखं बसत असे. ते टाळी वाजवत.

बाहेर पडण्याचीही तालीम होती. ते शिट्टी वाजवत, मी श्वास सोडून खांदे पाडायचे, मागे सरायचं आणि वर निघायचं. पेरूच्या झाडाखाली, काकूंच्या फोडणीच्या वासात, मी भराभर निघत असे. म्हणजे बसायचो भिऊन आणि निघायचो न भिता. ही दोन कामं एकाच वेळी करावी लागतील, हे दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मला आतून काहीतरी बोचत होतं. वर्गात शिकवताना मधेच छाती आवळल्यासारखी व्हायची आणि मी फळ्याला हात टेकून उभा राहायचो. पोरांना वाटायचं, सर एखादा सन आठवून राहिले.

पहिली चाचणी कुंडमच्या रस्त्यावर ठरली, जंगल लागण्याआधी जो सरळ तुकडा आहे तिथे. गाडी मागच्या दारातून निघाली. दोन्ही बाजूंना दाराचा रंग घेऊन निघाली, पण निघाली. आम्ही दोघंतिघंच जाणार होतो. पण मराठी मंडळाच्या अध्यक्षांना कळलं.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त वकील. एप्रिलच्या उन्हात कोट. त्यांचं कुठलंही भाषण, मग ते हळदीकुंकवाचं का असेना, राज्यपुनर्रचनेपासून सुरू व्हायचं. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, तरी आपण कमी नाही. आणि मग जो विषय असेल तो. ते हार, नारळ, केळी, उदबत्त्या आणि मंडळाची काही मंडळी घेऊन आले. काकूंनी ओवाळायचं ताट आणलं होतं.

मला आत बसवलं. आसन लगेच बसलं. त्या दिवशी कोणी वर्णन करून सांगायची गरज नव्हती. गाडीच्या नाकाडावर केळं ठेवून त्यात उदबत्त्या खोवल्या. मग अध्यक्षांनी नारळ घेतला. जमिनीवर दगड होता. पण दगडावर नारळ कोणीही फोडतो. अध्यक्षांनी तो गाडीवर फोडला, नाकाडाच्या पत्र्यावर, जोर लावून, दोनदा.

टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "बंधुभगिनींनो, राज्यपुनर्रचनेच्या वेळी..."

माझ्या मांडीला गार लागलं. नारळाचं पाणी असेल असं वाटलं. मग वास आला.

टाकीच्या नळीचा सांधा निसटला होता. थेंब थेंब नव्हे, धार होती, बारीक. पँट गुडघ्यापर्यंत भिजत गेली. समोर उदबत्त्यांचा धूर, आणि उजवीकडून काकू ताट घेऊन आल्या, त्यात निरांजन पेटलेलं. त्या मला ओवाळू लागल्या. ज्योत माझ्या तोंडापुढून डावीकडे गेली, खाली आली, टाकीच्या अगदी वर, आणि पुन्हा वर गेली.

बोलता आलं नाही. मी निघायचा प्रयत्न केला आणि खांदे कडेखाली होते. जितका जोर लावला तितके वर गेले, तितकी कड घट्ट बसली. ते आसन माझ्यासाठीच केलेलं होतं, या क्षणासाठीच केलेलं होतं, आणि त्याने मला असं धरलं की जणू सोडायचं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. ज्योत पुन्हा खाली आली.

तेव्हा मी काकांना पाहिलं. ते काकूंच्या मागे, गाडीपासून लांब उभे होते, नेहमीसारखे, पळायला मोकळी जागा ठेवून. त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या ओल्या डागावर होती. चेहरा राखेसारखा झाला होता. शेजारच्या घरात फटाका वाजला तर बोळात जाऊन उभा राहणारा हा माणूस. मला वाटलं, आता हे जाणार. मी त्यांना दोषही दिला नसता.

ते पुढे आले. चालत आले. काकूंच्या हाताखालून हात घालून त्यांनी निरांजनाची वात चिमटीत धरून विझवली.

"अवो!" काकूंचा आवाज चिरकला. "अपशकून काहून करता?"

"ताट घेऊन त्या पळसाखाली जा. हळद तिकडे राहिली," ते साध्या आवाजात म्हणाले. मग केळं उचललं, उदबत्त्यांसकट, आणि कोणाला प्रसाद द्यायला निघावं तसं संथपणे रस्त्यापलीकडे नेऊन धुळीत दाबलं. अध्यक्ष भाषणात नागपूरपर्यंत पोहोचले होते. काका परत आले आणि वाकून त्यांनी नळीच्या सांध्यावर मूठ आवळली. पेट्रोल त्यांच्या बोटांमधून येऊ लागलं. त्यांचं डोकं आता टाकीच्या वर होतं, माझ्या डोक्याला जवळजवळ लागलेलं. मागे गर्दीत कोणीतरी बिडी पेटवायला काडी काढली की सगळं संपत होतं. त्यांच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता.

"काका," मी म्हणालो, "निघत नाही."

"माहीत आहे." त्यांनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं. मग माझ्या डोळ्यांत पाहत, संध्याकाळी ओट्यावर बसून विचारावं तसं विचारलं, "प्रोफेसर, तो मदनमहाल मोगलांनीच बांधला नं?"

मला अजून ते नीट सांगता येत नाही. पेट्रोलमध्ये बसलेलो असताना माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की या माणसाला माझं हे सांगून झालं आहे. मी उसासा टाकला.

"काका, एकदा सांगितलं ना, मोगल नाही, गोंड..."

त्यांनी मोकळ्या हाताने माझी कॉलर धरली आणि मला असं ओढलं की शर्ट फाटला. गोंड राजांचं पुढचं सगळं मी रस्त्याच्या कडेला, पाठीवर पडून म्हणालो असेन. मग ते आजूबाजूच्यांना म्हणाले, "चलो, सगळे लांब व्हा." तेव्हा कुठे लोकांना कळलं. अध्यक्ष सर्वांत आधी लांब झाले. कोट असूनही.

आग लागली नाही. टाकी रिकामी केली, गाडी ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत आणली. अध्यक्षांनी वार्षिक सभेत सांगितलं की चाचणी यशस्वी झाली.

दुसऱ्या दिवशी काका अंगणात आसनासमोर उकिडवे बसले होते. अंगठ्याला आणि बोटाला फोड. "माप चुकलं," ते म्हणाले.

"कसं?"

"भ्यालेल्या माणसाचं घेतलं. तिथे बसला बरोबर. पण भ्यालेला माणूस उठतो कसा, हे मी नाही पाहिलं. मला वाटलं होतं, भीती मला पूर्ण येते." मग ते म्हणाले, "मी त्या वेळी पळणार होतो. तुम्हाला दिसलं ना?"

"नाही," मी म्हणालो.

"दिसलं," ते म्हणाले.

शर्यत आमच्याशिवाय झाली. सांगाडा भंगारात गेला. आसन मात्र पेरूखाली राहिलं. विझवलेल्या निरांजनाबद्दल काकूंनी त्यांना कधी माफ केलं नाही; रोज संध्याकाळी दिवा लावताना त्यांच्याकडे एकदा बघून घेत.

माझी नंतर सागरला बदली झाली, मग आणखी कुठे कुठे. मी प्रोफेसर झालो, तेव्हा मला तसं म्हणणारे पुष्कळ झाले आणि त्यात काही मजा राहिली नाही. काका गेल्याचं कळलं तेव्हा मी जबलपूरला गेलो. काकू मागच्या अंगणात पाटावर बसल्या होत्या. आसन तिथेच होतं, कॅनव्हास कुजलेला, पत्रा काळा पडलेला.

"त्यात कोणी बसत नाही," काकू म्हणाल्या. "मांजर बी नाही बसत."

मी बसलो. वजन माझं तेवढंच राहिलं होतं, तरी ते मला बसलं नाही. कड टोचली, पाठ अधांतरी राहिली. मला जरा हायसं वाटलं. म्हातारपणी माणूस सैल होतो, मी म्हणालो.

काकू पेरूकडे बघत होत्या. "शेवटी शेवटी हे भ्यायचेच नाही," त्या म्हणाल्या. "बूट घालणं सोडलं. सिनेमाले गेलो तं मधातल्या खुर्चीत बसले. मले वाटलं, चला, सुधारले. मंग एका रात्री झोपताना उठले आन् दाराची कडी लावून आले. आतून. आन् शांत झोपले." त्यांनी पदर सारखा केला. "मले तवाच समजलं."

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की पाठ टेकली आहे.